हजेरी अर्धी टाकू नये

१

“ते नोकर होते, पंचफुलाबाई. नोकरांची यादी कोणी कुलवृत्तांतात छापतं का?”

“नोकर बंदरात होते, तर मालक कुठं होता? वेढ्याच्या तिसऱ्या दिवसापासून कुठं होता, ते सांगा ना मले.”

“पुन्हा तेच! मदत आणायला गेले होते ते.”

“सोळा दिवस मदतच आणून राहिले होते?”

“तुम्ही चौथी शिकलेल्या बाई—”

“तिसरी. चौथीत बसू नाही दिलं मले. आन् या तिसरी शिकलेलीनं वाचला म्हणून तुम्हाले कळलं, का कागदात काय आहे ते. तुमच्या घरात इंजिनियर झाले, वकील झाले. वाचला कोणी?”

मधुसूदनरावांनी कपाळाचा घाम पुसला. पाटबंधारे खात्यातून मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेला माणूस, आवाज चढवायची सवय नोकरीतच लागलेली. पण त्या दिवशी आवाज चढत नव्हता. दहा मिनिटं झाली होती, आणि ते अजून माझ्या उंबऱ्याच्या बाहेर उभे होते. मी तीनदा म्हटलं, आत या, खुर्ची आहे, मेच्या उन्हात जिना चढून आले, पाणी घ्या. ते एक पाय उचलत, आणि पुन्हा जागेवर ठेवत. आपण असं काहून करून राहिलो, हे त्यांचं त्यांनाही कळत नसावं.

“तो कागदांचा रुमाल द्या,” ते बाहेरूनच म्हणाले. “आमच्या घरचे कागद आहेत. सोमवारी पुस्तक छापायला जातंय. त्यात हे काहीही येणार नाही.”

“आन् माझी वही?”

“तुमच्या वहीला कागदाशिवाय कोण विचारतो?”

ते खरं होतं. मूळ कागद त्यांच्या हातात गेला की माझी वही म्हणजे एका म्हातारीनं रेघोट्या मारलेली वही. आणि त्यातली एक्केचाळीस माणसं म्हणजे कोणीच नाही.

समोर खिडकीत कूलर पूर्ण वेगानं चालला होता. खिडकीची हवा सरळ दाराकडे जाते. पण मधुसूदनरावांच्या डोक्यावरचे चार पांढरे केस हलत नव्हते.

ते का हलत नव्हते हे मला माहीत होतं. ते सांगायचं तर तीन आठवडे मागं जावं लागेल.

२

मी नागपुरात गांधीबागेत कापडाच्या दुकानांवर दोन खोल्यांत राहते. नवरा याच दुकानांत कापड मोजायचा. त्याला जाऊन अकरा वर्षं झाली. मोडी मी चाळिशीत शिकले. माहेरच्या वावराचा खटला होता आणि आमच्याच वकिलानं कागद उलटा वाचला होता. मला तो उलटा वाटला, एवढंच. वाचता येत नव्हता. म्हणून मी जुन्या पुस्तकांच्या ठेल्यावरून मोडीचं एक फाटकं पुस्तक आणलं आणि दोन पावसाळे त्याच्याशी झोंबले. खटला जिंकलो. तेव्हापासून अर्ध्या जिल्ह्याचे वावरा-घराचे जुने कागद माझ्या टेबलावरून गेले. मला कोणी शिकवलं नाही, आणि म्हणून मला कोणी चूप बसवू शकत नाही.

मोडीत शब्द तोडून लिहीत नाहीत. एकदा ओळ सुरू झाली की अक्षराला अक्षर धरून ती शेवटपर्यंत जाते. शब्द कुठं सुटतो ते डोळ्याला कळत नाही, जिभेला कळतं. शिकलेले लोक मनात वाचत असतील. मी मोठ्यानं वाचते. वाचायचं, कानाला पटलं की वहीत देवनागरीत उतरवायचं. आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिल्या ओळीपासून म्हणत यायचं, म्हणजे चुकलेलं सापडतं. माझी पद्धत हीच.

एप्रिलच्या शेवटी मधुसूदनरावांच्या पत्नी, उत्तराताई, एक रुमाल घेऊन आल्या. रुमाल म्हणजे कापडात बांधलेलं कागदांचं बोचकं. ते शहरातल्या महाल भागातलं घराणं. पूर्वज कोकणातून भोसल्यांच्या चाकरीत इकडं आले. आता घराण्याच्या सगळ्या पिढ्यांचं पुस्तक, कुलवृत्तांत, निघणार होतं. त्याचा मूळपुरुष नारो भास्कर. वेळसई बंदराचा कारभारी. समुद्रावरून वेढा पडला तेव्हा एकोणीस दिवस बंदर राखणारा शूर माणूस, असं पुस्तकात आधीच लिहून झालं होतं. चित्रसुद्धा काढून घेतलं होतं, हातात तलवार, मागं लाटा.

“पुराव्यासाठी फक्त एकदा वाचून द्या,” उत्तराताई म्हणाल्या. “आणि मावशी, फोटो काढू नका बरं, ह्यांना चालत नाही.”

मी शब्द दिला.

रुमालात सगळ्यात वर एक हजेरीपट होता. घडी घातलेला लांब कागद. डोक्यावर नारो भास्करचं नाव, हजेरी घेणारा म्हणून. खाली एक्केचाळीस नावं, सगळी हबशी. सिद्दी याकूत, गलबतांचा सुतार. सिद्दी मरजान, जाळी विणणार. सिद्दी अल्मास, पाणक्या. सिद्दी काफूर, शिडांचा शिवणार. आफ्रिकेतून कधीकाळी आणलेल्यांची ही नातवंडं. यांचं लष्कर नव्हतं, यांना कोणी दुरून बोलावलं नव्हतं. बंदरातच जन्मले, बंदरातच यांची मोहल्ल्याची घरं. तटावर माणूस कमी पडला की हातातलं काम ठेवून भाला घ्यायचा, आणि संध्याकाळी हजेरी झाली की पुन्हा घरी जायचं. प्रत्येक नावापुढं रोजच्या हजेरीची टिंबं होती.

पहिल्या दिवशी दुपारी दोनला मी कूलर लावला, टेबलाशी बसले आणि अकरा नावं वाचली. मग घडीवर कागद चिकटलेला होता, तो सोडवायला ओल लागणार होती. म्हटलं, उद्या पाहू.

३

दुसऱ्या दिवशी अकरा पुन्हा वाचली आणि सतरापर्यंत आले. तिसऱ्या दिवशी चोवीस.

चौथ्या दिवशी माझ्या लक्षात आलं की मी पदरानं वारा घेऊन राहिले आहे.

कूलर चालू होता. पंखा फिरत होता, पाणी वाळ्याच्या ताट्यांवरून गळत होतं, बाजूच्या भिंतीवरचं कॅलेंडर फडफडत होतं. आणि माझ्या अंगावर घामाची धार. मी उठून खिडकीशी गेले तर तोंडावर गार झोत. टेबलाशी येऊन बसले तर काही नाही. दोन हातांचं अंतर, आणि मधात हवा संपलेली.

मी विक्कीला फोन लावला. आमच्या गल्लीतले सगळे कूलर हाच पाहतो, चाळिशी उलटलेला, तोंडाचा फटकळ. त्यानं मोटर पाहिली, पंख्याची पाती पाहिली.

“आजी, मशीन एकदम टकाटक आहे. हवा फेकून राहिलं ना!”

“मंग माझ्या खुर्चीत बस.”

तो बसला. एक मिनिट बसला. मग त्यानं हात पुढं केला, हळूहळू कूलरकडं नेला, आणि एका जागी थांबवला.

“इथून येते. इथून येतच नाही.” त्यानं पुन्हा हात मागंपुढं केला. “सिनेमाच्या लाइनीत उभं राहिल्यावर पुढच्याच्या पाठीमुळं हवा लागत नाही ना, आजी, तसं.”

“लाइन दिसून राहिली का तुले कुठं?”

“गंमत केली ना वं आजी!” पण तो खुर्चीतून घाईनं उठला. मग टाकीत हात घालून पंप काढला आणि ओरडला, “काय वं आजी! मीठ टाकून राहिल्या का तुम्ही पाण्यात? पहा, पंप पुरा पांढरा झाला.”

“बोअरचं पाणी असंन.”

“बोअरचं कुठं, नळाचंच भरता तुम्ही. मी नाही का पाहिलं?” त्यानं बोट चाटलं आणि तोंड वाकडं करून थुंकला. “खारट आहे, बावा.”

तो गेल्यावर मीही बोट बुडवून जिभेला लावलं. मी समुद्र पाहिलेला नाही. नागपुरातून कुठल्याही दिशेला निघालं तरी समुद्र सारखाच लांब. पण ते पाणी क्षाराचं नव्हतं. क्षार तुरट लागतो, त्याच्यात कढी बिघडते, मला माहीत आहे. हे मीठ होतं.

मी स्वतःला समजावलं, टाकीत कोणी तरी मिठाची पिशवी सांडली असेल. कोणी सांडली, तर घरात मी एकटी. मग मीच सांडली असेल, पंच्याहत्तरी उलटली, विसरले असेन. डोकं ठिकाणावर नाही असं स्वतःबद्दल मानणं मला कधी सोपं गेलेलं नाही, पण त्या दिवशी मी ते आनंदानं मानलं.

४

आवाज पाचव्या दिवसापासून.

“सिद्दी याकूत,” मी वाचलं.

ठक्.

लाकूड दगडावर टेकावं तसा. जोरात नाही. मी पुढचं नाव वाचलं. “सिद्दी मरजान.” ठक्. “सिद्दी अल्मास.” ठक्.

खाली कापडाचे गठ्ठे उतरत असतात, हमाल पट्ट्यांच्या पेट्या आपटतात, त्याचाच तो. मी असं म्हटलं आणि वाचत राहिले. पण पेटी आपटणारा हमाल माझ्या नाव घेण्याची वाट कशाला पाहील? मी एका नावावर मुद्दाम अडले. घसा खाकरला, पाणी प्याले, चष्मा पुसला. आवाज नाही. नाव घेतलं, आला.

रविवारी बाजार बंद असतो. खाली चिटपाखरू नाही, शटरं ओढलेली. मी कूलर बंद केला, वरचा पंखा बंद केला, दुपारची खोली अशी चूप केली की भिंतीवरच्या घड्याळाचा काटा मोठा वाटू लागला. मग वाचलं.

ठक्. आता जास्त स्पष्ट. माझ्या घरात चिनी मातीची फरशी आहे, तिच्यावर काठी टेकली तर पोकळ वाजते. हा आवाज भरीव होता, खाली हातभर जाडीचा दगड असल्यासारखा. आणि तो एका जागेहून येत नव्हता. याकूतचा खिडकीशी. मरजानचा त्याच्या डाव्या हाताला. अल्मासचा कपाटाजवळ. रोज ज्याचा त्याच जागेहून.

मी भित्री नाही. पण मी मूर्खही नाही. म्हणून तपासलं, जसा कागद तपासते तसा. किराण्याची यादी मोठ्यानं वाचली, तूरडाळ, गूळ, हळद. काही नाही. सावनेरकडच्या एका वावराचा कागद होता, त्यातली पंच, पाटील, साक्षीदार अशी नऊ नावं वाचली. काही नाही. पुन्हा हजेरीपट घेतला, “सिद्दी याकूत,” ठक्, आणि लगेच पुन्हा “सिद्दी याकूत.”

काही नाही. एकदा हजर म्हटलेला माणूस दुसऱ्यांदा कशाला म्हणेल?

मग मी पटाच्या डोक्यावर बोट ठेवलं आणि वाचलं, “नारो भास्कर.”

खोली जशी होती तशी राहिली. मी पुष्कळ वेळ वाट पाहिली. कोणी उत्तर दिलं नाही. पण मला असं वाटलं, आणि हे मी शपथेवर सांगणार नाही, की वाट पाहणारी मी एकटी नव्हते.

५

शेवटची चिकटलेली घडी ओल्या फडक्यानं सुटली तेव्हा पटाच्या समासात, आडव्या ओळीत, बारीक अक्षरांत लिहिलेलं सापडलं. हजेरी घेणाऱ्यासाठी ताकीद होती. मी ती तीनदा वाचली.

हजेरी अर्धी टाकू नये. नाव घेतलेला माणूस हजेरी पुरी होऊन रजा मिळेतो जागा सोडणार नाही.

मी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

शिकलेल्या माणसाकडून ही चूक झाली नसती. तो आधी सगळा कागद डोळ्याखालून घालतो, मग वाचतो. मी पहिल्या ओळीला तोंड उघडणारी. रोज वरून सुरुवात केली, रोज अध्येमध्ये सोडलं. कधी घडी चिकटली म्हणून, कधी खालून भाजीवाली ओरडली म्हणून, कधी डोळे दुखले म्हणून. अकरा जणांना उभं केलं आणि स्वयंपाकाला गेले. सतरा जणांना उभं केलं आणि झोपले. चोवीस, अठ्ठावीस. त्यांच्यातून मी कढई-झारा घेऊन गेले असेन. त्यांच्यातून मी पदर खोचून केर काढला असेल.

त्यांच्या पाठीमुळं मला हवा लागत नव्हती.

त्याच रुमालात तळाशी दुसरा एक कागद होता, वेळसईच्या व्यापाऱ्यांची तक्रार. तिची नक्कल नारो भास्करकडं जबाब मागायला पाठवली असावी. जबाब रुमालात नाही. कागद साधा आहे, रडगाणं नाही. वेढ्याच्या तिसऱ्या दिवशी कारभारी रात्रीच्या भरतीबरोबर मचव्यात बसून गेला, पगारी शिपाई त्याच्यामागं गेले, हजेरीपट कारभाऱ्याच्या दफ्तरात गेला. म्हणून पटावर टिंबं तीनच दिवसांची. त्यापुढं सोळा दिवस पाणदरवाजा मोहल्ल्यातल्या एक्केचाळीस हबश्यांनी धरला. तेवढ्यात मागच्या खाडीनं बायका, पोरं, म्हातारे, हिंदू, मुसलमान, सगळं गाव होडी-होडीनं निघून गेलं. शेवटची होडी सुटताना व्यापाऱ्यांनी दरवाजातल्यांना हाका मारल्या, तुम्हीही या, जागा आहे.

त्यांच्यातला म्हातारा, पटावरचं शेवटचं नाव, बुरुजावरचा दिवा सांभाळणारा सिद्दी जौहर, बोलला. कागदात त्याचं बोलणं जसंच्या तसं आहे.

हजेरी व्हायची आहे. रजा मिळाली नाही.

मी ते वाचलं. माझ्या खोलीत कोणी हललं नाही.

६

दुसऱ्या दिवशी मी आंघोळ करून, धुतलेलं लुगडं नेसून टेबलाशी आले. भाजीवालीला आधीच सांगितलं, आज हाक मारू नको. दाराला कडी. कूलर बंद.

मी बसून वाचणार होते. पण पट हातात घेतल्यावर बसवेना. गुडघे दुखतात माझे, जिना चढायला पाव तास लागतो. तरी मी उभी राहिले. मी आयुष्यात पुष्कळांसमोर उभी राहिले, कोर्टात, तहसिलात, नवऱ्याच्या मालकासमोर. पण ते भांडायला. मानानं उभं राहावं असं मला कोणासमोर वाटलं नव्हतं.

पहिल्यापासून वाचलं. न अडता, न खाकरता. सुतार, जाळी विणणार, पाणक्या, शिवणार, नावाडी, गवंडी, भटारी. ठक्, ठक्, ठक्. आवाज खिडकीपासून सुरू झाला, भिंतीनं गेला, कपाटाला वळला, स्वयंपाकाच्या खोलीच्या दारातून पलीकडं गेला आणि परत आला. माझ्या दहा बाय बाराच्या खोलीत एक्केचाळीस माणसं कशी मावली, मला विचारू नका. खोली त्यांच्याएवढी झाली होती. माझा आवाज घुमून परत येत होता, वर कुठं तरी उंच कमानीला लागून यावा तसा. खाली, फरशीच्याही खाली, काही तरी फार मोठं संथपणे पुढं येत होतं आणि मागं जात होतं. मी समुद्र पाहिला नाही म्हटलं ना. ऐकला.

“सिद्दी जौहर.”

ठक्. अगदी माझ्या शेजारी, उजव्या हाताला. म्हातारा होता ना तो. म्हाताऱ्यानं म्हातारीशेजारी जागा घेतली होती.

आता एकच शब्द उरला होता. रजा. तो म्हटला की मोकळे. दोनशे-अडीचशे वर्षांनी घरी.

तोंड उघडलं, आणि पुन्हा मिटलं. भीतीनं नाही. रजा देणारी मी कोण? हजेरी घेणाऱ्याचं नाव डोक्यावर लिहिलेलं आहे. त्यानं उत्तर दिलेलं नाही. मी वाचणारी बाई. त्याच्या जागी मी रजा म्हटलं असतं, तर पळून गेलेल्याचं काम मीच उरकून दिलं असतं, झालं बुवा, निस्तरलं.

मी पट छातीशी धरून उभी राहिले. आणि तेव्हा मला उमगलं ते आधीच उमगायला हवं होतं. इतके दिवस आवाज येत होते, जागा ठरलेल्या होत्या. पण कोणाचाही श्वास माझ्या तोंडावर आला नव्हता. कोणीही माझ्याकडं तोंड करून उभा नव्हता. त्यांची तोंडं खिडकीकडं, दाराकडं, बाहेर होती. माझ्याकडं पाठी.

मधोमध मी, टेबल, आणि कागद.

ते पहाऱ्यावर होते.

त्याच संध्याकाळी मी उत्तराताईंना फोन करून सांगितलं, पुरावा सापडला आहे, पण तुम्हाला पाहिजे तो नाही. एक्केचाळीस नावं छापा, मग खाली माझं नाव घाला. नाही तर नाही. त्यांनी आकडा पुन्हा विचारून घेतला. मग म्हणाल्या, “मी ह्यांना सांगते, मावशी. पण ते उद्या येतील तुमच्याकडं.”

७

म्हणून ते आले होते. आणि म्हणून उंबऱ्याच्या बाहेर उभे होते.

“आत या नाही तर बाहेरून ऐका,” मी म्हटलं. “पण आता मध्ये बोलू नका. अर्धी टाकता येत नाही ही.”

“काय अर्धी? काय लावलंय तुम्ही हे, पंचफुलाबाई? रुमाल द्या, मी जातो.”

मी वाचायला लागले.

पहिल्या आवाजाला त्यांनी जिन्याकडं पाहिलं. दुसऱ्याला खाली फरशीकडं. पाचव्या-सहाव्या नावाला ते माझ्या तोंडाकडं पाहू लागले, जणू मीच जिभेनं काढून राहिले. मी वाचत होते, माझे ओठ नावावर होते. आवाज नावानंतर येत होता. दहाव्या नावाला त्यांचा हात चौकटीवर गेला.

“कोण आहे आत?” ते म्हणाले. “पंचफुलाबाई, आत कोण आहे?”

मी थांबले नाही.

तिसाव्या नावाच्या सुमाराला, दाराच्या उजेडात, मला दिसलं. फार नाही. पुरतं तर नाहीच. जसं उन्हातून आत आल्यावर अंधारात एखादी वस्तू आधी कडेकडेनं दिसते तसं. एक मान. काळी, रुंद, घामानं नाही तर पाण्यानं ओली, आणि वाळत गेलेल्या ठिकाणी मिठाची पांढरी रेघ. खांद्यावर एक जुनी, नीट शिवलेली फाटकी कड. शिवणाऱ्याचंच काम ते, काफूरचं असेल, टाके असे सारखे होते की माझ्या नवऱ्यानं हात लावून पाहिले असते. एवढंच. मग डोळ्यांत पाणी आलं आणि ते दिसेनासं झालं.

मला पाठ दिसली. मधुसूदनराव समोर होते.

त्यांचे डोळे एका जागी थांबले, माणसाच्या तोंडाच्या उंचीवर. मग डावीकडं सरकले, थांबले. पुन्हा सरकले. थांबले. रांगेतून कोणी एकेकाच्या तोंडाकडं पाहत जावं तसे. मधुसूदनरावांचा रंग उतरत गेला, पण त्यांनी मान फिरवली नाही, हे मी त्यांच्या बाजूनं सांगेन. शेवटपर्यंत पाहिलं. पाहता पाहता त्यांच्या पायातली चप्पल त्यांनीच काढून बाजूला सारली. का ते त्यांना विचारलं तर आजही सांगत नाहीत. त्यांना काय दिसलं तेही सांगत नाहीत.

“सिद्दी जौहर,” मी वाचलं. माझ्या उजव्या हाताला, ठक्.

 खाली रस्त्यावर मोटरसायकलींचे हॉर्न होते, कोणी कापडाचा भाव ओरडून सांगत होता. ते सगळं लांब होतं.

“मावशी,” मधुसूदनराव म्हणाले. त्या दुपारी पहिल्यांदा मावशी. “कागद माझ्या घराण्याचा आहे.” पण ते भांडत नव्हते आता. अडकलेला माणूस हातात येईल ते धरतो, तसे ते एवढंच वाक्य धरून होते.

कुलवृत्तांत जूनमध्ये निघाला. उत्तराताई स्वतः प्रत घेऊन आल्या. तलवारीचं चित्र त्यात नाही. पाणदरवाजाचं पान आहे, आणि त्यापुढं तीन पानं एक्केचाळीस नावं, कामांसकट, ज्या क्रमानं पटावर आहेत त्या क्रमानं. माझं नाव तळाशी. रुमाल माझ्याकडंच ठेवायला सांगितला त्यांनी. आमच्या घरी नको, म्हणाल्या, हे रात्री जेवताना ताट घेऊन भिंतीकडं तोंड करून बसतात. रजा अजून कोणी दिलेली नाही, माझ्या टेबलाशी अजून हवा येत नाही. विक्कीला मी बोलावत नाही. पदरानं वारा घेते. पट मी रोज वाचते, पूर्ण वाचते, उभं राहून.

पण हे सगळं नंतरचं. भांडण त्या दुपारी, त्या उंबऱ्यावरच संपलं. मी पटाच्या डोक्यावरच्या नावावर बोट ठेवलं, कागद दोन्ही हातांनी त्यांच्याकडं पुढं केला, आणि त्या सगळ्या पाठींच्या वरून म्हटलं:

“एक नाव राहिलं आहे, मधुसूदनराव, मी नारो भास्कर पुकारते, तुम्ही त्याच्या वतीनं या साऱ्याइच्या तोंडाकडं पाहून हाजिर म्हणा, आन् कागद घेऊन जा.”